वाचायला दिलेलं चित्र

माझं एक चित्र ठाण्याला नानासाहेबांकडे वाचायला दिलेलं आहे.

पुस्तक वाचायला दिलं की परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चित्राचंही तसंच होतं, हे अनुभवाने सांगणारा अख्ख्या डोंबिवलीत मी एकटाच असेन. नानासाहेब म्हणजे माझी धाकटी बहीण कमल, तिचे सासरे. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पण चित्र माझं आहे, आणि हे कुठेतरी छापून यावं म्हणून मी लिहायला बसलो आहे.

मी लाकडाच्या धंद्यातला. कल्याणला खाडीवर माझी वखार आहे. ती वडिलांनी ठेवलेली नाही. दुसऱ्याच्या वखारीत ओंडके वाहून वाहून मी ती उभी केली. अशा माणसाला एक खोड लागते. सौदा पुरा झाला तरी ‘वर काय देणार?’ हे विचारल्याशिवाय त्याचा पाय निघत नाही. भाजीवालीकडून मी वर कोथिंबीर घेतो, शिंप्याकडून वर बटणं घेतो. डॉक्टरांकडेसुद्धा मी एकदा वर एक पुडी मागितली होती. (‘कसली पुडी?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘पुढे जे होईल त्याची,’ मी म्हणालो. त्यांनी दिली.)

इंग्रज गेला त्या सुमारास कोपरीच्या एका बंगल्यातला रेल्वेचा साहेब सामानसुमान विकून विलायतेला निघाला होता. मला त्याचं जेवणाचं टेबल हवं होतं. टेबलावर बसून जेवायची आमच्याकडे पद्धत नाही, पण लाकूड बर्मा सागाचं होतं. त्याच्या चांगल्या फळ्या निघाल्या असत्या. साहेबाचा बटलर मध्ये दुभाष्या. सकाळी सुरू झालेला सौदा जेवायच्या वेळेपर्यंत चालला. साहेब घामाघूम होऊन ‘यस’ म्हणाला, आणि मी बटलरला म्हणालो, “साहेबाला विचार, वर काय देणार?”

बटलरने हे कसं सांगितलं कोण जाणे. साहेबाने डोळे मिटले आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर एक काळपट मोठा तुकडा टांगलेला होता. चौकट सागाची आणि कोरीव होती, म्हणून मी लगेच मान हलवली. बटलरने ओलं फडकं आणून वरून खाली पुसत आणलं, तसं त्या काळोखातून एकेक वर यायला लागलं. आधी सोन्याची ताटं आली, मग मेणबत्त्या, मग माणसं. लांबलचक टेबलाभोवती कुणी राजेरजवाड्यांची मेजवानी चालली होती, आणि ती नेमकी त्या क्षणी मोडली होती. एका बाईचा घास ओठापाशी थांबलेला. एकाचा पेला कलंडून लाल दारू पांढऱ्या चादरीवर पसरत चाललेली. मधोमध भला दांडगा राजा, डोक्याला केवढं तरी मोठं मुंडासं, खुर्चीतून अर्धा उठलेला, डोळे पांढरे झालेले. तो बघत होता भिंतीकडे. तिथे ढगातून मनगटापर्यंतचा एक हात बाहेर आला होता आणि बोटाने भिंतीवर अक्षरं लिहीत होता. सगळ्या चित्रात उजेड काय तो त्या अक्षरांचा.

मी टोपी काढली. का काढली, ते मला आजही सांगता येत नाही. गिऱ्हाइकासमोर मी कधी टोपी काढलेली नाही.

“हे काय आहे?” मी विचारलं.

साहेब इंग्रजीत बराच वेळ बोलला. शेवटी त्याने खिशातून रुमालही काढला. बटलरने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, “साहब बोलता है, राजा का खाना खराब हो गया.”

एवढ्या माहितीवर मी ते चित्र वखारीच्या लॉरीत घालून डोंबिवलीला आणलं. दारातून ते आत जाईना. सुतार बोलावून मी पुढच्या खोलीची खिडकी चौकटीसकट काढवली.

“टेबल आणायला गेला होतात ना?” ही म्हणाली.

“टेबल वखारीत उतरवलं. हे वर मिळालं.”

“मग वरच ठेवा. माळ्यावर.”

पण ते भिंतीवर चढलं, आणि हीदेखील पदराने हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली ती चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत. आमची आई मात्र दुसऱ्याच गोष्टीने हबकली. पुढची खोली हीच आमची जेवायची खोली. आईचं म्हणणं, तो राजा डोळे फाडून आमच्या ताटांकडे बघतो. अन्नाला दृष्ट लागते. मी म्हणालो, “अगं, तो भिंतीकडे बघतोय.” ती म्हणाली, “तुला काय कळतं? डोळा आमटीवर आहे त्याचा.” शेवटी तिने आपल्या जुन्या जरीकाठी लुगड्याचा पडदा शिवून चित्रावर सोडला. जेवण झालं की पडदा बाजूला, जेवायला बसलं की पडदा पुढे.

डोंबिवलीत तेव्हा बघायला दुसरं होतं तरी काय? भातखाचरं आणि विहिरी. त्यामुळे लोक चित्र बघायला यायचे. येताना मोठ्याने बोलत यायचे आणि पडदा सरला की आवाज खाली यायचा. जरा वेळाने प्रत्येकजण एकच प्रश्न विचारायचा. “लिहिलंय काय?”

आता मी एवढ्या मिरवलेल्या वस्तूबद्दल ‘मला माहीत नाही’ असं कसं म्हणणार? साहेबाची अक्षरं मला ओळखू येतात, ती ही नव्हती. बालबोध नव्हती, उर्दू नव्हती. आमच्या आजोबांच्या जुन्या कागदांवर मात्र अशीच काहीतरी वळवळ असायची. म्हणून मी सांगून टाकलं, “मोडी आहे.” मोडी म्हटलं की तरुण माणसं माघार घेतात, कारण ती शिकलेली नसतात, आणि म्हातारी माणसं चष्मा घरी राहिला म्हणतात. कुणी फार खोलात शिरलं तर मी म्हणायचो, “जुनी मोडी आहे. पेशव्यांच्या आधीची.”

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कमलला ठाण्याचं स्थळ आलं.

मुलगा मधुकर, पोस्टात. कमलला तो मनापासून आवडला होता, आणि हे महत्त्वाचं, कारण आधीची दोन चांगली स्थळं देण्याघेण्याच्या बैठकीत मोडली होती. लोक म्हणतात माझ्या तोंडामुळे. मी फक्त भाव केला होता. साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी कमल माझ्यासमोर येऊन बसली.

“दादा, उद्या तू बोलायचं नाहीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे तोंड उघडायचं नाही. वाढ, आग्रह कर, हसू आलं तर हस. पण ते काही म्हणाले, तर गप्प बस.”

“आणि अपमान केला तर?”

“तर जास्त गप्प बस. हे स्थळ गेलं ना दादा, तर मी दुसरं बघणार नाही.”

ती हे रडून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती ते हिशेब सांगावा तसं म्हणाली, म्हणून मी घाबरलो. मी कबूल झालो.

मुहूर्त दुपारचा होता, म्हणून आधी पंगत आणि मग साखरपुडा असं ठरलं. रेशनचे दिवस. अर्ध्या आळीने आपापली साखर दिली तेव्हा कुठे जिलब्या झाल्या होत्या. असा बेत पुन्हा घालणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. आईने लुगड्याचा पडदा धुऊन, इस्त्री फिरवून वर झेंडूची माळ सोडली. नानासाहेब आले ते थेट त्या पडद्यापुढे गेले, डोळे मिटून त्यांनी नमस्कार केला आणि समोरच्या मानाच्या पाटावर बसले. मागे देव नाही, हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं, कमलने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघितलं, मी मिटलं.

नानासाहेब अंगाने भरदार. आमचे सगळे पाहुणे उघड्या डोक्याने जेवायला बसले होते, पण त्यांना सर्दी झाली होती, म्हणून त्यांनी डोक्याला भलामोठा लोकरी मफलर गुंडाळला होता. तो कानांवरून दोन फेरे घेऊन वर गेला होता. हे लक्षात ठेवा.

आपोशन झालं, श्लोक झाले, मसालेभात झाला. मी जिलबीचं ताट घेऊन निघालो. मला बोलायची बंदी होती, पण आग्रह हे काही बोलणं नव्हे.

“चार,” मी म्हणालो.

“छे छे. अर्धी,” नानासाहेब म्हणाले.

झालं. समोरच्याने अर्धी म्हटलं की माझ्या अंगात येतं. “तीन. तुमचं नाही, माझं नाही.”

“एक. शेवटचं सांगतो.”

“अडीच घ्या, आणि वर एक मधुकररावांच्या नावाची.”

“अहो बापूराव, पुरे,” असं म्हणत त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. मी वरून नेम धरला. त्यांनी हात उडवले. मी तोल सावरायला मागे सरकलो, दोन पावलं सरकलो, पाठीला काहीतरी मऊ लागलं, ते मी घट्ट धरलं, आणि टर्रर आवाज करत आईचं लुगडं, झेंडूची माळ आणि मी असे तिघे खाली आलो.

उजेड त्या वेळी खिडकीतून सरळ चित्रावर पडत होता. पंगतीतले सगळे हात जागच्या जागी थांबले. एका काकूंचा घास ओठापाशी राहिला. नानासाहेब मागे झुकले, त्यांच्या कोपराने मठ्ठ्याची वाटी कलंडली आणि मठ्ठा पानावरून रांगोळीकडे निघाला. ते पाटावरून अर्धे उठलेले, डोळे पांढरे, डोक्याला मफलर. सगळी पंगत राजाकडे बघत होती. मग सगळी पंगत नानासाहेबांकडे वळली. मग पुन्हा राजाकडे.

आणि त्या शांततेत कमल हसली.

ती तोंड दाबून हसली असती तरी चाललं असतं. ती मोकळी हसली, तांब्यातलं पाणी हिंदकळेपर्यंत.

नानासाहेब पानावरून उठले.

व्याही पानावरून उठणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्याला सांगायला नको. आणि पंगतीतला मोठा माणूस उठला की बाकीच्यांना बसून राहता येत नाही. एकामागून एक सगळी पंगत उठली. उष्टे हात पुढे धरून माणसं उभी राहिली; कुणी दाराकडे बघे, कुणी जिलबीकडे. मी जमिनीवर लुगड्यात गुंडाळलेला. आई देवाचं नाव घेत होती. मला एकच दिसत होतं: कमलचा चेहरा उतरत चालला होता.

नानासाहेब दाराकडे गेलेच नाहीत. ते चालत चित्रापाशी आले. मला ओलांडून आले. उष्टा उजवा हात त्यांनी पाठीमागे धरला आणि मान वर करून बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की पंगतीतला मठ्ठा लोकांच्या बोटांवर वाळायला लागला. मोठा माणूस हात धुवेना, म्हणून कुणालाच हात धुता येईना.

“बापूराव,” ते हळूच म्हणाले. देवळात बोलतात तसं. “हा हात कुणाचा?”

मी कमलकडे बघितलं. तिने मान डोलावली. मी म्हणालो, “दाखवलेलं नाही.”

“आणि लिहिलंय काय?”

इथे मी गप्प बसलो होतो, याला साक्षीदार आहेत. पण मागून आई अभिमानाने म्हणाली, “मोडी आहे ना ते. बापू सगळ्यांना सांगतो. पेशव्यांच्या आधीची आहे.”

नानासाहेबांची पाठ ताठ झाली. त्यांच्या मंडळींमध्ये कुजबूज पसरली, आणि मधुकर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “नानांसारखी मोडी ठाणे जिल्ह्यात कुणी वाचत नाही. वाळवी लागलेलं दप्तरसुद्धा वाचतात.”

नानासाहेबांनी डाव्या हाताने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

“हा क आहे,” ते म्हणाले.

सगळ्यांनी श्वास सोडला.

“किंवा र. हात घाईचा आहे. लिहिणाऱ्याने बोरू नीट कापलेला नाही.”

“बोरू कुठे? बोटानेच लिहितोय,” आई म्हणाली.

“म्हणूनच.”

गुरुजींनी पुढे येऊन मुहूर्ताची वेळ होत आल्याचं सांगितलं. “मुहूर्त काय घेऊन बसलात, इथे ओळ लागत नाही,” नानासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी राजाकडे बोट केलं. “यालाही लागलेली नाही. तोंड बघा त्याचं. सोन्याची भांडी आहेत, पदरी एवढी माणसं आहेत, आणि समोर लिहिलेलं वाचून दाखवणारा एक माणूस नाही. एक कारकून नाही. आम्ही जन्मभर कचेरीत बसलो, बापूराव, लोकांना वाटायचं कागद खरडतात. पण वाचणारा नसला तर राजाचीसुद्धा काय दशा होते, बघा.”

मी त्या चित्रासमोर रोज जेवलो होतो (पडदा लावून का होईना), पण ते मला असं कधी दिसलं नव्हतं. मी बसल्या बसल्या त्या राजाकडे बघितलं आणि मला त्याची दया आली.

तेवढ्यात कमल तांब्या घेऊन पुढे आली. भावी सासऱ्यांच्या पुढ्यात वाकून तिने त्यांच्या हातावर पाणी घातलं.

“मघाशी हसली ती तूच ना?” नानासाहेबांनी विचारलं.

“हो.”

“का हसलीस?”

“तो राजा हुबेहूब तुमच्यासारखा दिसतो.”

मी डोळे मिटून घेतले. नानासाहेबांनी राजाला पुन्हा न्याहाळलं. “मुंडासं सैल बांधलंय त्याने,” ते म्हणाले. “कानाला वारा लागेल.”

मग त्यांची मंडळी हसली, मग आमची हसली, आणि हात धुवायला विहिरीवर गर्दी उडाली. मी उठून धोतर सारखं करत होतो. स्थळ टिकलं, या आनंदात मला पुढचं ऐकू आलं तेव्हा उशीर झाला होता.

“नाना,” कमल म्हणत होती, “अशा घाईत कशी ओळ लागणार? घरी न्या ना चित्र. सावकाश वाचा.”

माझी सख्खी बहीण!

“बापूरावांची हरकत नसेल तर,” नानासाहेब म्हणाले, आणि माझ्याकडे बघायला लागले. कमलही बघायला लागली. तिची नजर मला कळत होती: तोंड उघडायचं नाही. मी उघडलं नाही. सगळ्यांनी तो होकार धरला. आयुष्यात एकाच सौद्यात मी तोंड बंद ठेवलं, आणि नेमका त्याच सौद्यात बुडालो.

मुहूर्तावर साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी सुतार आला, खिडकी निघाली आणि माझ्याच लॉरीतून माझं चित्र ठाण्याला गेलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कमलची मुलं शाळेत जायला लागली. ती सुखात आहे, आणि सासरे तिला काडीचा त्रास देत नाहीत, कारण त्यांना सवड नाही. ते सकाळी स्नान करून चित्रासमोर स्टूल घेऊन बसतात. जुन्या कचेरीतले लोक दर रविवारी येतात आणि एकेका वेलांटीवरून भांडून जातात. एका पाहुण्याने ही मोडी नसावी असं सुचवलं होतं. त्याला चहा मिळाला नाही. मी परत मागायला गेलो की ते म्हणतात, “दोन अक्षरं लागलीत, बापूराव. आता काय, होतच आलंय.”

या दिवाळीला मी ठरवून गेलो. बरोबर सुतारही नेला. नानासाहेब दारातच भेटले. आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता. “या, या. पहिली ओळ लागली.”

“काय आहे?”

त्यांनी मला हाताला धरून चित्रापाशी नेलं आणि छडीने एकेक अक्षर दाखवत वाचलं, “मुलीकडच्यांनी... दिलेली वस्तू... मागू नये.”

ती मोडी नाही, असं मी ओरडून सांगणार होतो. पण सांगू कुठल्या तोंडाने? सगळ्या डोंबिवलीला ती मोडी आहे असं सांगत फिरलो होतो मीच. मी जरा पुढे वाकलो, डोळे बारीक केले आणि म्हणालो, “नाना, ते ‘मागू नये’ नसावं. ‘मागून न्यावी’ असं असावं.”

नानासाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला मोडी येते?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’ला तोंड द्यायचं तर लिपी यायला हवी. म्हणून मी मोडी शिकायचं ठरवलं. हल्ली ती शिकवणारं कुणी राहिलेलं नाही, तेव्हा दर शनिवारी वखार लवकर बंद करून ठाण्याला नानासाहेबांकडेच जातो. ते त्या चित्रावरूनच शिकवतात. परवा मला त्यातला क ओळखता आला.